मनीचं नख

आमच्या मनी मांजरीच्या 18 नखांपैकी एक पडद्याच्या विणीत अडकून टोकाशी तुटलं. फरशीवर रक्ताचे ठिपके आणि बाईसाहेब कपाटाखाली. आई म्हणाली, "अगं, हळद लाव." शेजारच्या काकू तर डेटॉलची बाटली घेऊनच आल्या. माया खरी, पण मांजराचं अंग माणसासारखं नसतं. डेटॉलमधला क्लोरोझायलेनॉल त्याला विषारी, आणि पंजाला लावलेलं काहीही ते चाटणारच. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल द्यावी, तर एक गोळीही जीव घेऊ शकते.

मनीला टॉवेलात गुंडाळून तेवढा एक पंजा बाहेर काढला. नखाच्या आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. म्हणून एवढ्याशा जखमेचा एवढा थयथयाट. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट केलं, त्यात चहाचा चमचाभर मीठ घालून पंजा धुतला. नखाच्या टोकाला कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापड दाबून धरलं. मधेच उचलून बघायचा मोह फार होतो. बघू नये, धरलेली खपली निघते. मला ओरबाडलं ते वेगळंच. तेही साबणाने धुतलं.

पट्टी बांधली नाही, ती मनीने टिकू दिलीच नसती. जखमेत वाळू जाऊ नये म्हणून तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये फाडलेले कागद घातले.

दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, पंजा सुजला, पू आला किंवा मांजर तो टेकवेना, तर घरचे उपाय पुरे. सरळ पशुवैद्याकडे न्या. लोंबतं नखही त्यांनाच काढू द्या.