नॉ लिंग

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला उतरले, की थोड्याच अंतरावर डोंगराची एक लांब सोंड समुद्रात शिरलेली दिसते. सोंडेवर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी कोर्लई गाव. १९९३ सालच्या मे महिन्यात, सेमिनरीत आमचा ईशज्ञानाचा अभ्यास चालू असताना, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी आम्ही तेथे तीन आठवडे राहिलो होतो.

मुले वर्गात मराठीत उत्तरे देत. वर्ग सुटला आणि अंगणात खेळ रंगला, की तीच मुले निराळ्याच भाषेत भांडू लागत. ठेका आपल्या मराठीचा, पण शब्द हाती लागत नसत. ही कोणती भाषा, असे एका मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "नॉ लिंग, ब्रदर," आणि पळून गेला. नॉ लिंग म्हणजे आमची भाषा. लोक तिला क्रिस्तीही म्हणतात.

या भाषेचा इतिहास आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हता. पोर्तुगीज लोक १५२१ पासून रेवदंड्यास, म्हणजे त्यांच्या चौलास, ठाण मांडून होते. १५९४ मध्ये त्यांनी समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. शिपायांच्या, चाकरांच्या आणि नवख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी पोर्तुगीज शब्द आणि इथली बोलण्याची रीत यांचे जे मिश्रण झाले, त्यातून ही भाषा जन्मली. वसई १७३९ मध्ये पडली, पुढच्याच वर्षी चौल मराठ्यांकडे गेले. राज्यकर्ते गेले, पण त्यांच्या शब्दांनी बनलेली भाषा मागे राहिली. भोवती मराठी बोलणारे हिंदू व मुसलमान, लग्नसंबंध आपापसांत, आणि देवळात पोर्तुगीज प्रार्थना. अशा आडोशाला तिने पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ काढला. आजही ती बोलणारी माणसे जेमतेम हजारभर असतील.

आता आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. वर्गाच्या शेवटच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही मातांची सभा घेतली आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, "घरी मुलांशी शुद्ध मराठीत बोलत जा. नाहीतर ती शाळेत मागे पडतील, प्रार्थनाही नीट शिकणार नाहीत." सगळ्या गप्प राहिल्या. मागच्या बाकावरून एका तरुण आईने विचारले, "ब्रदर, तुम्ही तुमच्या घरी काय बोलता?"

आम्ही म्हणालो, "मराठी."

हे खरे नव्हते. आमचे घर वसईचे. घरात सामवेदी, जिला कादोडीही म्हणतात, तीच बोलली जाई. आईने आम्हांला तिच्यातच न्हाऊमाखू घातले, तिच्यातच रागावले. शाळेत त्या बोलीला मुले हसत, म्हणून आम्ही ती उंबऱ्याच्या आत ठेवायला शिकलो होतो. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीजवळ पेत्र धन्याला नाकारीत होता, तेव्हा त्याच्या गालीली बोलीनेच तो ओळखला गेला. आम्हांला मात्र कोणी ओळखले नाही. सेमिनरीने आमची जीभ चांगली घासूनपुसून दिली होती.

पुढे दीक्षा झाली, धर्मग्रामे बदलत गेली. काही वर्षांनी एका ग्रंथालयात जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचे १९९६ साली निघालेले पुस्तक हाती आले. संपूर्ण ग्रंथ कोर्लईच्या भाषेवर! ज्या भाषेला आम्ही तीन आठवड्यांत शाळेच्या वाटेतील धोंडा ठरवून मोकळे झालो होतो, तिचे व्याकरण शिकण्यासाठी हा गृहस्थ सातासमुद्रांपलीकडून येऊन त्याच गावात बसला होता.

त्या व्याकरणातील दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. पोर्तुगीजमध्ये "मी खातो भात" अशी रचना, क्रियापद मध्ये. कोर्लईत ते मराठीसारखे शेवटी जाऊन बसले. दुसरी गोष्ट अधिक गोड आहे. पोर्तुगीज क्रियापदांची तीन कुळे. मराठीतून क्रियापदे येऊ लागली, तेव्हा कोर्लईच्या लोकांनी त्यांना त्या तीन कुळांत कोंबले नाही; त्यांच्यासाठी शेवटी 'उ' असलेले चौथे कूळ उभे केले. पाहुण्यासाठी घराला एक खोली वाढवावी, तसे हे झाले. आणि आम्ही त्या घराच्या धनिणींना सांगत होतो, की तुमचे घर अशुद्ध आहे. बादली, चावी, घमेले, इस्त्री, पगार हे पोर्तुगीज शब्द आमच्या 'शुद्ध' मराठीत रोज नांदतात, हे त्या वेळी कसे आठवले नाही?

या भाषेकडे क्लेमेंट्सच्या आधी वळलेला एक माणूस आमच्याच पंथातला होता, हे पाहून तर मान खाली गेली. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो हे गोव्याच्या आसगावचे, १८५५ साली जन्मलेले धर्मगुरू. त्यांनी कोकणीचा कोश केला, सिलोनच्या पोर्तुगीज बोलीवर ग्रंथ लिहिला आणि १९०६ मध्ये 'उत्तरेच्या' बोलीवर, म्हणजे मुंबई व आसपासच्या आमच्या कॅथलिक वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीज बोलीवर, प्रबंध प्रसिद्ध केला. उतारवयात दोन्ही पाय गमावल्यावरही त्यांचे शब्द वेचणे थांबले नाही. मुंबईच्या त्या वस्त्यांतून ती बोली आता उठून गेली आहे. दालगादोंच्या कागदावर तेवढी आहे. तिची कोर्लईची बहीण अजून हिंडतेफिरते आहे. कोचीनची तिसरी बहीण अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, विल्यम रोझारिओ, २०१० साली निवर्तले. त्या बोलीविषयी ऑस्ट्रियातील ग्रात्सच्या ह्यूगो शुखार्टने १८८२ मध्येच लिहून ठेवले होते. हिंदुस्थानात पाऊल न टाकता, केवळ पत्रे धाडून तो माहिती मिळवी.

आपण ख्रिस्ती लोक फादर स्टीफन्सचे नाव अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. १६१६ चे 'क्रिस्तपुराण' आणि मरणोत्तर १६४० मध्ये रायतूरला छापलेले कोकणीचे व्याकरण ही आपली शिदोरी आहे. पण त्याच गोव्यात १६८४ साली, तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले आणि त्याला धर्मगुरूंपैकी काहींचा पाठिंबा होता, हे आपण व्याख्यानांत सांगत नाही. कोर्लईच्या त्या सभेत आम्ही स्टीफन्सच्या बाजूचे नव्हतो, फर्मानाच्या बाजूचे होतो.

सरकारी खानेसुमारीत दहा हजारांहून कमी लोकांची भाषा नावानिशी छापली जात नाही. म्हणजे कोर्लईची भाषा देशाच्या हिशेबात 'इतर' या रकान्यात विरघळते. २०१० पासून डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषा मोजल्या, त्या अशा 'इतरां'ची विचारपूस केली म्हणूनच.

भाषा नोंदविणे म्हणजे शब्दांची यादी करणे, असा आमचाही समज होता. यादीत पाण्याला काय म्हणतात ते मिळते. पाण्यावरून शेजारणीशी भांडताना काय म्हणतात ते मिळत नाही. म्हणून अभ्यासक गोष्टी, थट्टा, स्वयंपाकाच्या कृती, प्रार्थना ध्वनिमुद्रित करतात. मग प्रत्येक वाक्य तीन ओळींत मांडतात : वर उच्चार, त्याखाली तुकड्या-तुकड्याचा अर्थ, तिसऱ्या ओळीत सरळ अर्थ. तासाभराच्या बोलण्याला कितीतरी दिवस लागतात. बोलणाऱ्याची संमती घ्यावी लागते, आणि मुद्रणाची प्रत त्याच्या घरी पोचवावी लागते. हे काम पापनिवेदन ऐकण्यासारखेच आहे. कान द्यायचा, मध्ये बोलायचे नाही. शिकलेल्या माणसाला हेच जड जाते.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आम्ही कोर्लईला जाऊन आलो. मागच्या बाकावरच्या त्या आई आता आजी झाल्या आहेत. त्यांनी आम्हांला ओळखले, चहा केला. घरातली नातवंडे त्यांचे बोलणे समजतात, उत्तर मराठीत देतात. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही विचारले होते, आम्ही घरी काय बोलतो. आम्ही खोटे सांगितले." मग दोन वाक्ये सामवेदीत बोलून दाखवली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "फादर, तेव्हा सांगितलं असतं, तर आम्ही घाबरलो नसतो." त्यांच्या थोरल्या सुनेशी त्या केवळ मराठी बोलतात, हेही त्यांनीच सांगितले. ते ऐकताना आमच्या घशाखाली चहा उतरेना.

परत आल्यावर वसईला थोरल्या बहिणीकडे गेलो. आईनंतर घरची भाषा तिच्याच तोंडी उरली आहे. मोबाइल समोर ठेवून म्हटले, ताई, लहानपणची लग्ने कशी व्हायची ते सांग. मोबाइल पाहताच ती शाळेतल्या बाईंसारखी छापील मराठी बोलू लागली! दोनदा तसेच झाले. तिसऱ्या खेपेस शेजारच्या काकू वाल सोलायला आल्या होत्या. आम्ही दोघींना विचारले, मोबाइल टोपलीमागे ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसलो. पाच मिनिटांत त्या आम्हांला विसरल्या. चाळीस मिनिटे मिळाली.

तीन संध्याकाळ बसून त्यांतली अकरा मिनिटे वहीत उतरली आहेत, तीन-तीन ओळींत. बाराव्या मिनिटाला ताई वालाच्या शेंगेला काहीतरी म्हणते आणि काकू खुदकन हसतात. तो शब्द आम्ही चार वेळा ऐकला. आईच्या तोंडी ऐकल्यासारखा वाटतो, अर्थ मात्र आठवत नाही. उद्या सकाळची मिस्सा आटोपली की ताईला विचारायला जायचे आहे.