मिळेल ती लस

भाची गेल्या आठवड्यात इंग्लंडहून सुट्टीवर आली. कपाट आवरताना तिची जुनी निळी फाइल निघाली. कडा फुगलेल्या, आतले कागद पापडासारखे वाकडे झालेले. ताई म्हणाली, "टाक आता ती." भाची म्हणाली, "नको, मामाला देते, त्याला लिहायला होईल."

म्हणून लिहितोय. खरं तर हे लिहायचं चार-पाच वर्षांपासून राहिलंय, आणि वेळ नव्हता म्हणून राहिलेलं नाही.

2021 साल आठवा. चिपळूणकरांना आठव म्हणायची गरज नाही म्हणा. त्या वर्षी आमच्या आळीतून दोन माणसं परदेशी निघाली होती. एक माझी भाची, वय 23, पहिल्यांदाच, लेस्टरच्या एका विद्यापीठात एम.एस्सी. करायला. दुसरे शेजारचे भाई, वय 47, सौदीत क्रेन चालवायचे. सुट्टीवर घरी आले आणि इथेच अडकले. देशातून ये-जा करणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं 23 मार्च 2020 पासून बंदच होती, ती पुढे थेट 27 मार्च 2022 ला सुरू झाली. मधल्या काळात काही देशांशी 'एअर बबल' करार करून मोजकी विमानं उडत होती. सौदीची वाट तर तेव्हा भारतातून सरळ नव्हतीच. तिसऱ्याच देशात 14 दिवस राहायचं, टेस्ट करायची आणि मग पुढे. त्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

आता माझा भाग. एप्रिलमध्ये 45 वरच्या सगळ्यांना लस सुरू झाली आणि मी पेपरात चौकट लिहिली, 'मिळेल ती लस घ्या'. आपल्याकडे तेव्हा लोक केंद्रावर जाऊन विचारायचे, कुठली आहे, कोव्हिशिल्ड की कोवॅक्सिन, आणि परत फिरायचे. मी डॉक्टरांशी बोलून लिहिलं होतं आणि आजही ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेत आपण स्मशानात रांगा बघितल्यात. भाईंनी ती चौकट वाचली. मला फोन करून म्हणाले, "भाऊ, तुम्ही लिहिलंय म्हणजे घेतो." त्यांच्या केंद्रावर त्या दिवशी कोवॅक्सिन होती. मे संपेपर्यंत त्यांचे दोन्ही डोस झाले. पेढे नाहीत, पण घरच्या शेवया आल्या होत्या आमच्याकडे.

जूनमध्ये भाचीची वेळ आली तेव्हा मात्र मला बरंच काही कळलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कोव्हिशिल्ड फेब्रुवारीतच आली होती, कोवॅक्सिन नव्हती. सौदीच्या यादीतही अ‍ॅस्ट्राझेनेका, फायझर, मॉडर्ना, जॉन्सन एवढीच नावं होती. 7 जूनला केंद्राचं परिपत्रक निघालं, की शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्यांना कोव्हिशिल्डचा दुसरा डोस 84 दिवस न थांबता 28 दिवसांनी देता येईल, आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर येईल. मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, कोव्हिशिल्ड कधी येणार ते तेवढं सांगा, भाचीला आणतो." म्हणजे लोकांना 'मिळेल ती' आणि माझ्या घरात चौकशी करून. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला आचारसंहितेचा एक पेपर होता. त्यात मला चांगले मार्क होते.

तिचा दुसरा डोस जुलैच्या मध्यावर झाला. आठवड्याभरात, 22 जुलैला, पूर आला.

पुराचं सगळं इथे लिहीत नाही, तुम्ही सगळे त्यात होतात. एवढंच सांगतो की ताईचं घर बाजारपेठेत, तळमजल्यावर. निळी फाइल माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवली होती आणि पाणी माळ्यालाही लागलं. पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईत होता म्हणून तेवढा वाचला. चिखल उपसून झाल्यावर मार्कशीटा, ऑफर लेटर, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र असं सगळं दोरीवर चिमटे लावून वाळवलं. मग माझ्याच पेपरच्या घड्यांमध्ये घालून इस्त्री फिरवली. टी.बी. नसल्याचा दाखला लागतो तिकडे जायला, त्याच्यावर उलट्या अक्षरांत आमची एक बातमी उमटलीय. ती अजून वाचता येते.

इंग्लंडने 23 एप्रिलपासून भारताला 'लाल यादीत' टाकलं होतं. लाल यादीतून येणाऱ्याने 10 दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात कोंडून घ्यायचं, आणि त्याचे माणशी 1,750 पौंड स्वतः भरायचे. पावणेदोन लाखांच्या वर. ताईचं घर त्या महिन्यात राहण्यासारखं नव्हतं आणि आम्ही बसून हॉटेलाचा हिशेब करत होतो. ताई एकदा म्हणाली, "राहू दे, पुढच्या वर्षी जाईल." भाची काही बोलली नाही, भिंतीचा चिखल खरवडत राहिली. 8 ऑगस्टपासून भारत 'अंबर' यादीत आला, म्हणजे घरीच 10 दिवस राहायचं, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी टेस्ट करायची. ती बातमी मीच ताईला वाचून दाखवली. बातमी वाचून कोणी रडलेलं मी माझ्या धंद्यात फार कमी वेळा पाहिलंय.

गौरी-गणपती विसर्जनाच्या सकाळी तिचा स्वॅब दिला, कारण रिपोर्ट निघण्याआधीच्या तीन दिवसांतलाच लागतो. रात्री अकराला रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. निगेटिव्ह, पण आडनावात एक अक्षर जास्त. पासपोर्टवर एक आणि रिपोर्टवर एक. लॅबवाल्याला झोपेतून उठवला, बिचाऱ्याने रात्री दीडला दुरुस्त करून पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारीच निघालो. गणपतीहून परतणाऱ्या मुंबईकरांच्या गर्दीत आमची गाडी, आणि आपला महामार्ग. त्याच्यावर मी पंधरा वर्षं लिहितोय, आज सोडतो.

विमानतळावर आम्हाला दारातच थांबवलं. काचेतून ती दिसत होती. मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, हातात निळी फाइल. ताईला हात हलवून दाखवताना ढालीवर वाफ धरली आणि ती ढाल पुसायला लागली. ताईला वाटलं डोळे पुसतेय. आम्ही परत निघालो तरी ताई तेच बोलत होती. मी काही दुरुस्त केलं नाही.

नऊ-दहा तासांचा प्रवास तिने पाणीसुद्धा न पिता केला, मास्क काढायला लागू नये म्हणून. उतरल्यावर दोन तास रांग. पुढे दहा दिवस एका खोलीत. खिडकीतून एक भिंत आणि एक झाड दिसायचं, ते झाड मला व्हिडिओ कॉलवर पाठ झालं होतं. रोज सरकारी खात्यातून फोन, तुम्ही घरातच आहात ना. ती म्हणायची, "मामा, इथे माझी रोज चौकशी करणारं तेवढं एकच माणूस आहे, आणि ते रोज वेगळं असतं."

तिसऱ्या दिवशी तिने कुळथाची पिठी केली. ताईने पीठ, कोकमं, मेतकूट बांधून दिलं होतं. लसणाची फोडणी दिली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. सगळी इमारत खाली अंगणात. क्वारंटाइनमधली ही मुलगी सगळ्यांपासून दूर, झाडाखाली, हातात झारा तसाच. पण त्यातूनच ओळख झाली. वरच्या मजल्यावरच्या एका गुजराती मुलीने संध्याकाळी दाराबाहेर भाजी आणि दूध आणून ठेवलं. लेस्टरमध्ये आपल्या गुजराती लोकांची मोठी वस्ती आहे, पुढे वाणसामानाची अडचण पडली नाही. अडचण पडली ती बँकेची. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा पाहिजे, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून त्यांना बँकेचाच कागद चालतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्या तहसीलदार कार्यालयाचं काहीतरी तिकडूनच आलेलं असणार.

ती खोलीत असतानाच, 17 सप्टेंबरला, इंग्लंडने नवे नियम जाहीर केले आणि भारतात घेतलेली लस धरायची नाही असं ठरवलं. म्हणजे दोन डोस घेऊनही हिशेबात तुम्ही बिनलशीचे. मग म्हणाले लस ठीक आहे, प्रमाणपत्र ठीक नाही. आपल्या कोविनवर तेव्हा फक्त जन्मवर्ष यायचं, त्यांना पूर्ण जन्मतारीख पाहिजे होती. भारतानेही तिकडून येणाऱ्यांना 10 दिवस कोंडायचं ठरवलं आणि मग 11 ऑक्टोबरपासून कोव्हिशिल्ड चालायला लागली. अंक खपवायला चांगलं भांडण होतं. मी पहिल्या पानावर घेतलं, तीन कॉलम.

त्याच दिवशी संध्याकाळी भाई घरी आले. अंक हातात. शांतपणे म्हणाले, "भाऊ, कोव्हिशिल्डचं लिहिलंत. कोवॅक्सिनवाल्यांचं कधी लिहिणार?"

मी लिहिलं. आतल्या पानावर, एक कॉलम. सौदीत काम करणाऱ्या केरळच्या एका माणसानेही कोवॅक्सिन घेतली होती. दुसऱ्या लसीचा डोस मिळावा म्हणून तो केरळ उच्च न्यायालयात गेला होता, ती माहिती भाईंनीच मला आणून दिली, गल्फवाल्यांच्या ग्रुपवरून. 3 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने कोवॅक्सिनला मान्यता दिली. 1 डिसेंबरपासून सौदीने भारतातून थेट प्रवेशही सुरू केला, पाच दिवसांच्या विलगीकरणासह. पण भाईंच्या कंपनीने ऑक्टोबरातच त्यांच्या क्रेनवर दुसरा माणूस बसवला होता. एकोणीस वर्षांची नोकरी. थोडं सामान अजून तिकडच्या खोलीत राहिलंय, त्यात एक चांगलं घोंगडं होतं, त्याचं त्यांना अधूनमधून आठवतं.

आता ते रिक्षा चालवतात. स्टँडवर भेटतात, चहाचे पैसे मला देऊ देत नाहीत. 'मिळेल ती लस घ्या'वरून एक शब्द कधी बोलले नाहीत. मी मात्र एकदा विषय काढला. म्हटलं, भाई, जूनमध्ये मला कळलं होतं. भाचीच्या वेळी मी विचारून घेतली. ते म्हणाले, "तेव्हा माझे दोन्ही झाले होते ना? मग सांगून काय करणार होता?"

खरं आहे. जूनमध्ये सांगून काही उपयोग नव्हता. पण एप्रिलमध्ये चौकट लिहिताना गल्फला जाणाऱ्यांसाठी एक ओळ टाकायला हवी होती, आणि या तालुक्यात प्रत्येक दुसऱ्या मोहल्ल्यात गल्फचं घर आहे हे मला डिप्लोमा न करताही माहीत होतं.

परवा भाची त्यांना भेटायला गेली, चॉकलेटं घेऊन. भाईंनी तिला तिथल्या थंडीचं विचारलं, पगाराचं विचारलं, खोलीला भाडं किती ते विचारलं. मग आत जाऊन मुलाचे कागद घेऊन आले. मुलगा एसी मेकॅनिक आहे, कतारला बोलावणं आहे. "पासपोर्टचा फॉर्म ऑनलाइन आहे म्हणे. भाऊ, तुम्ही भरून द्याल?"

शनिवारी बसतोय आम्ही. जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, आधी ते बघायला लागेल.