श्रुत आणि प्रत : सोलापूर ते मूडबिद्री

आपल्या व्यापारी घरांत पूर्वी प्रवास दोनच कारणांनी घडत असे : खरेदी आणि यात्रा. खरेदीला घरातील एकटा पुरुष जाई, यात्रेला सारे कुटुंब जाई. सहल हा शब्द आपल्याकडे पुष्कळ उशिरा आला. कापडाच्या व्यापाऱ्याला तर उन्हाळ्यात उसंत म्हणून नसतेच. लग्नसराई ओसरली आणि शाळेच्या गणवेशांची गर्दी अजून सुरू व्हायची आहे, असे मोजके आठ-दहा दिवस काय ते हाती लागतात. यंदा आमच्या थोरल्या बंधूंनी ते दिवस मूडबिद्रीसाठी राखून ठेवले. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे श्रुतपंचमी, जवळ आली होती. ज्या ताडपत्रांमुळे ही तिथी आपल्याला विशेष जवळची वाटते, त्यांचे स्थान एकदा पाहावे, ही त्यांची जुनी इच्छा होती.

प्रवासाच्या वर्णनाआधी माझ्या एका छंदाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण या यात्रेत तो आमच्याबरोबर होता. बँकेतून निवृत्त झाल्यानंतर सकाळचे दर्शन आटोपून मी तासभर फिरतो. पुतण्याने माझ्या मोबाइलमध्ये पॉडकास्ट ऐकण्याची सोय करून दिली. पॉडकास्ट म्हणजे हवे तेव्हा ऐकता येणारा श्राव्य कार्यक्रम. पूर्वी नभोवाणीची वेळ आपण सांभाळत होतो, येथे कार्यक्रमच आपली वेळ सांभाळतो. मला त्यांतील तंत्रज्ञानविषयक कार्यक्रमांची गोडी लागली. संगणकाची चकती कशी चालते, समुद्राच्या तळाशी तारा कशा टाकतात, रुपया एका मोबाइलमधून दुसऱ्यात कसा पोहोचतो, असे विषय अर्ध्या-पाऊण तासात उलगडतात. साधारण एका सामायिकाएवढा वेळ. अर्थात सामायिकाची जागा त्याला देण्याचा माझा मुळीच विचार नाही.

आम्ही पाच जण निघालो. बंधू, वहिनी, आम्ही उभयता आणि गाडी चालवायला पुतण्या. डब्यात दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि गाळून उकळलेले पाणी. याखेरीज गाडीत एक वादही होता, आणि तो घरूनच बरोबर आला होता. आमच्या आजोबांच्या हस्ताक्षरातील एक पोथी आणि दुकानाच्या काही वह्या बंधूंच्या लोखंडी पेटीत आहेत. पोथीत पूजापाठ, घराण्याची हकिकत आणि कोणत्या मंदिराला केव्हा काय दान दिले याच्या नोंदी आहेत. बहुतेक मजकूर मोडी लिपीत आहे. पाने ठिसूळ झाली आहेत. त्यांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवावीत, असे पुतण्याचे म्हणणे. बंधूंना ते रुचत नव्हते. "पोथी म्हणजे दुकानाची पावती नव्हे. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेथे उघडावी हा अविनय आहे," असे ते म्हणत. हा प्रश्न घरात दोन वर्षे भिजत पडला होता.

सोलापूरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ विजयपूर आणि हुबळीमार्गे थेट अंकोल्याजवळ समुद्रापाशी जातो. पहाटे निघालो तरी विजयपूर येईतो ऊन तापले. कोल्हारला पुलावरून आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचे पाणी दूरवर पसरलेले दिसले आणि मंडळी जरा सुखावली. पुढे नरगुंद, नवलगुंदच्या काळ्या जमिनी पेरणीच्या प्रतीक्षेत उघड्या पडल्या होत्या. अशा लांबलचक सरळ रस्त्यावर पुतण्याने बीबीसीची ‘द लाझारस हाइस्ट’ ही मालिका लावली. कार्यक्रम इंग्रजीत असल्याने मधूनमधून थांबवून मी मराठीत सांगत होतो.

विषय होता बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरील दरोड्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये संगणकात शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला त्या बँकेच्या नावाने पैसे पाठवण्याचे आदेश धाडले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. गुरुवारची रात्र निवडली होती, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार. पुढचा सोमवार मनिलामध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीचा. आदेशांची नोंद छापणारे यंत्रही त्यांनी बंद पाडले होते. बहुतेक आदेश अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोहोचलेच. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र थांबले, आणि ते एका अक्षरामुळे. ‘फाउंडेशन’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकून ‘फँडेशन’ असे झाले होते आणि ते बँकेतील माणसाच्या नजरेला खटकले. ज्याने आयुष्यभर धनादेशावरील अक्षरे आणि सह्या पडताळल्या, त्याला ही कथा किती आवडली असेल, हे सांगायला नकोच. बंधूंनी एवढेच विचारले, "म्हणजे यंत्र फसले आणि वाचणारा माणूस उपयोगी पडला?" आम्ही होय म्हटले. हुबळीला सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी येल्लापूरनंतर रान दाट झाले आणि अरबैल घाट उतरताच हवा बदलली. सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या शरीराला किनाऱ्याचा घाम नवा होता. होन्नावरला शरावती ओलांडताना वहिनींनी गाडी हळू चालवायला सांगितली. नदी तेथे समुद्राला मिळण्याआधी इतकी रुंद होते की क्षणभर दिशा समजत नाही. त्या टप्प्यात ऐकलेला दुसरा कार्यक्रम माहिती टिकवण्याच्या शास्त्रावर होता. संगणकक्षेत्रात एक सोपा नियम मानतात : प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दूर अन्य ठिकाणी असावी. बँकेत आम्हीही दिवसअखेरीचा हिशेब टेपवर उतरवून अन्यत्र ठेवत असू, त्यामुळे हे नवे नव्हते. नवी होती ती स्वालबार्डची हकिकत. नॉर्वेच्या अखत्यारीतील, उत्तर ध्रुवाजवळच्या त्या बेटांवर एका बंद पडलेल्या कोळसा खाणीत २०२० साली गिटहब कंपनीने जगभरातील संगणक-आज्ञावलींचा मोठा साठा खास फिल्मवर उतरवून ठेवला. ती फिल्म हजार वर्षे टिकावी अशी योजना आहे. या साठ्याबरोबर तो वाचायचा कसा याचे मार्गदर्शनही ठेवले आहे, कारण वस्तू टिकली आणि वाचण्याची विद्या गेली तर उपयोग काय? हे वाक्य मी मराठीत सांगितले, तेव्हा बंधू खिडकीबाहेर पाहत होते, पण ऐकत होते.

उडुपीहून आत वळल्यावर प्रथम कारकळ लागते. वीर पांड्याने १४३२ मध्ये प्रतिष्ठापिलेली बाहुबलींची सुमारे ४२ फूट उंचीची मूर्ती उघड्या खडकावर उभी आहे. तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना श्रवणबेळगोळची आठवण होते. तेथून मूडबिद्री जवळच, अर्ध्या तासाच्या अंतरावर.

मूडबिद्रीला जैन काशी म्हणतात. गावात अठरा बसदी आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती सावीर कंबद बसदी, म्हणजे हजार खांबांचे मंदिर. १४३० च्या सुमाराचे हे तीन मजली मंदिर चंद्रप्रभ भगवंतांचे आहे. खांबांवरील कोरीवकाम पाहता एकासारखा दुसरा खांब सापडत नाही. वरचे उतरते छप्पर किनाऱ्यावरील पावसाला उत्तर म्हणून बांधलेले आहे. पण आम्ही आलो होतो ते गुरु बसदीसाठी. पार्श्वनाथ भगवंतांच्या या मंदिराला सिद्धांत बसदीही म्हणतात, कारण षट्खंडागमाची धवला टीका आणि कषायपाहुडाची जयधवला टीका यांची प्राचीन ताडपत्रे शतकानुशतके येथे जतन झाली.

परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी आपल्या स्मरणातील आगमज्ञान लोप पावू नये म्हणून दोन मुनींना बोलावून शिकवले. ते मुनी म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी जे ग्रथित केले ते षट्खंडागम आणि ते पूर्ण झाले ती श्रुतपंचमी. श्रुत म्हणजे ऐकलेले. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, हाच तोवरचा मार्ग होता. नवव्या शतकात वीरसेन आचार्यांनी त्यावर धवला टीका रचली. पुढे काळ असा आला की या महान ग्रंथाच्या जुन्या प्रती केवळ मूडबिद्रीत उरल्या, आणि त्याही जुन्या कन्नड लिपीत. भाविक त्यांचे दर्शन घेत, पण वाचणारे विरळ झाले. किनाऱ्याची दमट हवा आणि कसर आपले काम करत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद जव्हेरी आणि आमच्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी प्रती उतरवून घेण्याचे काम मनावर घेतले. दोघेही व्यापारी. निधी जमवला आणि १८९६ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी लेखन आरंभले. सारे काम पुरे व्हायला सुमारे पंचवीस वर्षे लागली. त्या प्रतीही मूडबिद्रीबाहेर नेण्याची अनुमती नव्हती. परंतु गजपती उपाध्यायांनी पत्नीच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत केली आणि ती सहारनपूरला पोहोचली. तेथे नागरी लिपीत उतरवणाऱ्या लेखकाने स्वतःजवळही एक प्रत ठेवली. तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या आणि त्यांच्या आधारे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे सोळा खंड प्रकाशित केले.

बँकेच्या भाषेत हा विश्वासभंग होय, आणि मी तो चांगला म्हणणार नाही. पण त्याच वेळी हेही खरे की त्या प्रतीमुळे ग्रंथ विद्वानांच्या हाती आला. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रतीवरून प्रत होताना अक्षरे गळतात. पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द हवा होता की नाही, यावर पंडितांत मोठा वाद झाला. अखेर मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रात तो शब्द आहे, असे दिसून आले. मठाने पुढे मूळ पाठाशी ताडून पाहण्यास अनुमती दिली होती. मूळ प्रत पेटीत सुरक्षित नसती तर दुरुस्ती कशावरून केली असती? आणि प्रती बाहेर गेल्या नसत्या तर चूक शोधायला वाचक कोठून आले असते? पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले, ते फलटणला आहेत. धवलेची पुढची आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली. ताडपत्र, कागद, छापील पुस्तक, तांबे, निरनिराळ्या गावी. तीन प्रतींचा नियम संगणकवाल्यांच्या आधी आपल्या समाजाने आचरला होता.

हे सारे बसदीच्या मंडपात बसून आम्ही एकमेकांना सांगत होतो. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, "अरे, तू फोटो काढशील, पण वाचणार कोण? मोडी तुम्हा कोणाला येते?" पुतण्या म्हणाला, "बाबा, तुम्हाला येते ना." खरोखरच आमच्या घरात आता मोडी सरळ वाचणारे ते एकटेच आहेत, आणि त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या प्रश्नाने आमच्या घरचा वाद एका निराळ्या ठिकाणी येऊन ठेपला. पेटीची किल्ली बंधूंजवळ होती, तशी लिपीची किल्लीही त्यांच्याजवळच होती.

परत आल्यावर त्यांनी होकार दिला, पण अटी घातल्या. छायाचित्रे घरीच, सकाळी, स्नान करून काढायची. पोथी पाटावर, शुभ्र वस्त्रावर ठेवायची. जवळ चामड्याची वस्तू नको. पाने ते स्वतः उलटणार. पुतण्यानेही एक अट घातली : प्रत्येक पान बंधूंनी मोठ्याने वाचायचे आणि तो आवाज मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचा. आता रोज सकाळी एक-दोन पाने होतात. एखादे अक्षर अडले की बंधू थांबतात, चष्मा पुसतात, शेजारच्या ओळीतील तेच अक्षर शोधून खात्री करतात आणि मगच पुढे जातात. ध्वनिमुद्रणात ते थांबणेही येते. माझ्या सकाळच्या फेरीत मी हल्ली इतर कार्यक्रमांबरोबर ही पानेही ऐकतो. एका नोंदीवरून कळले की दुष्काळाच्या वर्षी आजोबांनी उधारीची काही खाती सोडून दिली होती. हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

श्वेतांबर बांधवांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला येते आणि तीच आपल्या व्यापाऱ्यांची लाभपंचमी. शास्त्राची पूजा आणि चोपडीचा मुहूर्त एकाच तिथीला येणे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या समाजाने हिशेब लिहून ठेवला, त्यानेच शास्त्रांच्या प्रती करून दिल्या.

मूडबिद्रीला जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी जावे, नंतर घाट निसरडे होतात. कारकळ आणि वेणूर हे दोन्ही बाहुबली एकाच फेरीत पाहून होतात, तेथून धर्मस्थळही दूर नाही. आणि श्रुतपंचमीला मंदिरातील शास्त्रांना नवे वेष्टन घालण्याची आपली प्रथा आहे, त्या दिवशी घरातील पेटीही उघडावी. आत मोडीतील एखादी वही निघाली आणि ती वाचणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांच्याजवळ बसून ती ऐकावी, आणि त्यांच्या अनुमतीने आवाज उतरवून ठेवावा.