वनकन्या कोण?

परीक्षेच्या आदल्या रात्री उद्याच्या पेपरात काय येणार याचे अंदाज बांधणे हा आपल्या महाविद्यालयातला सर्वांत लोकप्रिय खेळ आहे. 'हा प्रश्न गेल्या वर्षी आला होता, तेव्हा यंदाही येणार,' असे एकजण छातीठोकपणे सांगतो. 'गेल्या वर्षी आला म्हणूनच यंदा येणार नाही,' असे दुसरा तितक्याच छातीठोकपणे सांगतो. आणि निकालाच्या दिवशी दोघेही पास झालेले असतात! पण अंदाज बांधण्याची खरी हौस मी पाहिली ती माझ्या आईत. तिच्या एका अंदाजाचा निकाल लागायला जवळजवळ तीस वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

१९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' ही हिंदी मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी ती लागे. आई तेव्हा आठवीत होती. कोरपन्याजवळच्या आमच्या आजोळी टी. व्ही. एकाच घरी, तोही काळापांढरा. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची, मुंग्या दिसू लागल्या की एका पोराला अँटेना फिरवायला कवेलूवर चढवायचे. ते पोर वरून ओरडून विचारी, 'आता दिसते का?' आणि खालून पन्नास माणसे एका सुरात ओरडत, 'थोडंसं उजवीकडे!' क्रूरसिंह पडद्यावर येऊन 'यक्कू' म्हणाला की लहान पोरे आईच्या पदरात तोंड लपवीत; आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तीच पोरे गुरुजींच्या पाठीमागे 'यक्कू' करीत!

या मालिकेची एक गंमत आई सांगते. १९८७ मध्ये 'रामायण' आले, पाठोपाठ 'महाभारत' आले. ती सगळ्यांनी हात जोडून पाहिली. पण रावण मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. 'चंद्रकांते'चे तसे नव्हते. विजयगढची राजकन्या चंद्रकांता, नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, त्यांच्या आड येणारा क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त. शिवाय क्षणात रूप पालटणारे, बटव्यात बेशुद्धीची पूड बाळगणारे ऐयार. पडद्यावर दिसणारा माणूस खरोखर तोच आहे की त्याच्या रूपातला कोणी ऐयार, हेच कळायला मार्ग नसे. मग आठवडाभर कापसाच्या वेचणीत, हापशीवर, शाळेच्या वाटेवर एकच चर्चा. पुढच्या रविवारी काय होणार?

अशात एक दिवस आईच्या मामाने तिला एक जाडजूड पुस्तक आणून दिले. मामा सिमेंट कारखान्यात कामाला होता. आपल्या भागातल्या कारखान्यांच्या वसाहतींमध्ये देशभरची माणसे राहतात हे आपण जाणतोच. त्याच्या शेजारी बनारसकडचे एक गृहस्थ होते, त्यांच्या ट्रंकेत ते सापडले. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता'! ज्या कथेवर मालिका बेतली होती, ती मूळ कादंबरी. आईच्या हातात जणू पुढच्या सगळ्या रविवारांची किल्लीच आली.

ही कादंबरी १८८८ सालची. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असे वाङ्मयाच्या इतिहासात सांगतात. कोरपन्याच्या एका मुलीने तेच शंभर वर्षांनी केले, याची नोंद मात्र कुठल्याही इतिहासात नाही! खत्रींचा जन्म १८६१ चा. त्यांनी काही काळ चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. ठेक्याच्या निमित्ताने रानावनातून, पडक्या गढ्यांतून ते हिंडले आणि त्या भटकंतीतून ही तिलिस्मी दुनिया उभी राहिली. हे वाचले आणि मला आपल्या माणिकगडाची आठवण झाली. तीच दाट झाडी, तसेच ढासळते बुरूज. बांबूच्या आणि तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांचीही आपल्याकडे कधी वाण नव्हती. पण त्यांतल्या एकालाही लेखणी उचलाविशी वाटली नाही, हे माणिकगडाचे दुर्दैव!

आईने अडखळत, बोट ठेवून ते पुस्तक वाचायला घेतले आणि गावात तिचा भाव एकदम वधारला. बायका विचारीत, 'अवं, सांग ना, पुढं काय होते?' आई पुस्तकातल्या खुणांवरून भविष्य सांगू लागली. पण थोड्याच रविवारी तिची फजिती झाली. मालिकावाल्यांनी मूळ कथेची वाट सोडून स्वतःची वाट धरली होती. जी माणसे पुस्तकात मुळीच नाहीत ती पडद्यावर तलवार फिरवू लागली. मुकेश खन्नांचा जांबाज आला तेव्हा तर आईने पुस्तक दोनदा पालथे घातले, तो सापडेना. 'तुह्यं पुस्तकच खोटं हाय!' असे म्हणून सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून तिचे नाव 'पुस्तकवाली' पडले.

फजितीचा एक फायदा मात्र झाला. मालिका वेगळी आणि पुस्तक वेगळे, हे कळल्यावर आई पुस्तक पुस्तकासाठी वाचू लागली. आणि तिथेच ती अडकली. चंद्रकांता तिलिस्मात सापडलेली असताना एक गूढ मुलगी कथेत येते. वनकन्या. ती राजकुमाराला मदत करते, पण स्वतःचा पत्ता लागू देत नाही. ही कोण? कादंबरीचे भाग चार. मामाने आणलेल्या प्रतीची शिवण सुटून चौथा भागच गळून गेलेला! आई आणि तिच्या तीन मैत्रिणी शाळेच्या वाटेवर दररोज भांडत. एक म्हणे, ती शिवदत्ताची मुलगी. दुसरी म्हणे, कोणी ऐयाराच बाईचे सोंग घेऊन आला आहे. आईने भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपले उत्तर लिहून ठेवले: 'वनकन्या म्हणजे चंद्रकांताच.'

पुस्तक परत गेले. १९९६ साली मालिका बंद झाली. त्याच्याही आधी, नववीच्या परीक्षेनंतर, आईची शाळा बंद झाली होती. घरात धाकटी भावंडे, शेतात काम, आणि मुलीची जात. कोणी रागावून शाळा सोडवली नाही. जून महिना आला आणि तिला कोणी जा म्हटले नाही, एवढेच.

आमच्या वर्गात एकदा सरांनी 'ट्विन पीक्स' या अमेरिकन मालिकेची गोष्ट सांगितली. लॉरा पामर नावाच्या मुलीचा खून कोणी केला, या प्रश्नाने १९९० साली तिथले प्रेक्षक वेडे झाले होते. रहस्य उलगडण्यापूर्वीच त्या मुलीची 'गुप्त रोजनिशी' कादंबरीच्या रूपाने बाजारात आली. ती दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांची कन्या जेनिफर हिने लिहिली होती. लोकांनी खुणा शोधण्यासाठी तिच्यावर झडप घातली. आणि ऐन मोक्याची पाने त्या रोजनिशीतून मुद्दामच नाहीशी केलेली! वर्ग हसला. मला मात्र चौथा भाग गळालेले ते पुस्तक दिसू लागले. अमेरिकेतली पाने लेखिकेने फाडली होती. आमची कोणी फाडली?

गेल्या दिवाळीआधी ग्रंथालयात मला 'चंद्रकांता' सापडली. चारही भाग शाबूत. मी उभ्या उभ्या शेवट वाचून टाकला आणि घरी येऊन म्हटले, 'आई, वनकन्या कोण ते कळलं!' तिने झटकन हात वर केला. 'सांगू नोको! वाचून दाखव.'

मग दररोज संध्याकाळी मी वाचू लागले. आई समोर सूप घेऊन तूर निवडत बसे. ज्या संध्याकाळी वनकन्येचे रहस्य फुटले तेव्हा तिचे हात थांबले. वनकन्या ही चंद्रकांताच होती! सिद्धनाथ बाबा म्हणजे वेष पालटलेले जीतसिंह, हे मात्र आईला ओळखता आले नव्हते. 'बाबाजीत फसली मी,' ती म्हणाली, 'पण पोरीले बरोबर ओळखलं.' मी विचारले, कशावरून? 'जे लपून राहते अन् मदत करते, ते परकं नसते. एवढं तं मले तवाही कळत होतं.'

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, 'आता सांगू कोणाले?' तीन मैत्रिणींपैकी एक वारली, एकीचा पत्ता नाही, तिसरी आदिलाबादकडे दिलेली. मी नंबर मिळवून फोन लावून दिला. आई ओरडूनच म्हणाली, 'अवं, वनकन्या चंद्रकांताच होती!' पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, 'मी तं तवाच म्हनलं होतं!' त्यावर दोघींचे जे भांडण जुंपले ते अर्धा तास चालले. भांडताना आई नववीतली वाटत होती.

रसग्रहण कसे करावे हे आपल्याला वर्गात शिकवतात. प्रत्येक शब्द तपासावा, लेखकाने काय सांगितले त्याबरोबर काय दडवले तेही पाहावे. माझ्या आईने हे सारे पदवीवाचून केले, केवळ पुढे काय होणार या ओढीने. ती ओढ आपल्यापैकी कितीजणांना गाईडमधून लागते?

खत्रींनी पुढे 'चंद्रकांता संतति' लिहिली, तिचे चोवीस भाग आहेत, असे मी आईला सांगितले. 'चोवीस!' ती म्हणाली, 'तुह्यं कॉलेज संपल्यावर पुस्तकं कोण आणन?' त्याच आठवड्यात मी दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. ती हसली, रागावली, 'या वयात?' म्हणाली. फॉर्म तिने परत केलेला नाही आणि भरलेलाही नाही. डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवला आहे. महत्त्वाचे कागद ती तिथेच ठेवते, म्हणून माझा एक अंदाज आहे. तो मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.