एल्फाचं खातं

बँकेच्या काउंटरमागं बावीस वर्षं बसलं की समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो, नुसतं नाव दिसतं. त्यातही कागदावरचं नाव आणि सही यांचं पटतंय का, एवढंच. अशा टेबलाशी एखादा एल्फ खातं उघडायला आला तर काय होईल, या विचारानं हल्ली माझी झोप उडाली आहे.

एल्फ म्हणजे टॉल्किन नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकानं कल्पिलेली, माणसांपासून अंग राखून राहणारी, म्हातारपण ठाऊक नसलेली मंडळी. (आमच्या पेन्शन विभागानं हे वाक्य वाचू नये!) टॉल्किन १९७३ साली वारले. त्यांच्या कागदपत्रांतून या लोकांच्या नावांचे रीतिरिवाज पुढं त्यांच्या मुलानं छापून काढले. ते वाचून माझी खात्री झाली की आमच्या फॉर्मात एल्फ मावायचा नाही.

पहिलं नाव बापाचं. मूल जन्मलं की बाप ते जाहीर करतो. फिन्वे नावाच्या राजानं तर तिन्ही मुलांना आपलंच नाव चिकटवलं: कुरुफिन्वे, नोलोफिन्वे, अराफिन्वे. आता या घरात एका फिन्वेचं चेकबुक दुसऱ्याला गेलं, तर दोष क्लार्कचा म्हणायचा का?

दुसरं नाव मूल स्वतः निवडतं. शब्दांच्या नादाची गोडी लागली की मग, बहुधा सातवं वर्ष सरल्यावर. हे नाव त्याच्या खासगी मालकीचं. घरच्यांनी आणि जिवलगांनीच ते घ्यायचं. परक्यानं न विचारता घेतलं तर तो आगाऊपणा. म्हणजे मी 'पूर्ण नाव सांगा' म्हणणार, आणि हा गृहस्थ मी त्याचा पिन नंबर विचारल्यासारखा माझ्याकडं बघणार!

तिसरं, दुसऱ्यांनी कौतुकानं दिलेलं. गॅलाड्रिएल या थोर बाईचं बापानं ठेवलेलं नाव आर्टानिस. गॅलाड्रिएल हे तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं दिलेलं, आणि आपल्या सगळ्या नावांत तेच सुंदर वाटलं म्हणून तिनं ते पत्करलं. तांदळात नाव लिहिण्याची हौस आपल्याकडच्या नवऱ्यांनाही आहे, पण बायकोला पसंती विचारायची पद्धत काही फारशी नव्हती.

आणि चौथं, आईनं ठेवलेलं. याला एल्फांत फार मान. लेकराचा स्वभाव, कधी कधी त्याचं पुढचं भविष्यही, आईला आधी दिसतं असं ते मानतात. त्या कुरुफिन्वेला आई मीरिएलनं फेआनारो म्हटलं, म्हणजे अग्नीचा आत्मा. त्याला जन्म देण्यात तिची सारी शक्ती सरली; ती बागेत जाऊन निजली आणि तिचा प्राण देह सोडून गेला. पोरगा पुढं आईनं दिलेल्या नावानंच ओळखला गेला.

तिचं आणखी एक नाव थेरिंदे, म्हणजे सुईकामात निपुण. पुढं लोकांच्या जिभेवरचा 'थ' पालटून 'स' झाला, सगळे 'सेरिंदे' म्हणू लागले. फेआनारो मात्र 'थ'वर अडून बसला, कारण आई 'थ' म्हणायची. हा गृहस्थ काही साधुपुरुष नव्हे, पुढं त्यानं स्वकीयांचं रक्तही सांडलं. पण त्या एका अक्षरापुरता मी त्याच्या बाजूचा आहे. गेलेल्या आईचं दुसरं काय उरलं होतं त्याच्यापाशी?

आमच्याकडं आईचं नाव विचारतात ते ओळख पटवायला. एरवी मुलाच्या नावापुढं बापाचं नाव, मग आडनाव. आई त्या ओळीत नाहीच. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मात्र आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. एल्फांच्या मानानं उशीरच झाला म्हणायचा. ही मुलं मोठी होऊन खातं उघडायला येतील तेव्हा फॉर्मातला रकाना पुरायचा नाही. न पुरो! तोवर मी निवृत्त झालेला असेन. पण जो कुणी त्या खुर्चीवर असेल, त्यानं नाव जरा बारीक अक्षरांत लिहावं, आईचं गाळू नये.