फासा टाकू की बोलून दाखवू?

शनिवार, त्यामुळे ऑफिसचा विषय बंद. आज खेळाबद्दल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि उरलेलं सगळं जग एक जण चालवतो, तो डंजन मास्टर उर्फ डीएम. पात्रानं काही अवघड करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं, आणि डीएमनं ठरवलेल्या आकड्याला पोचलात की काम फत्ते.

भिंत चढायची असेल तर यात काही वाद नाही. मला स्वतःला पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पण माझं पात्र खुशाल कडे चढतं. प्रश्न येतो तो दरवानाला पटवायचं असेल तेव्हा. फासा टाकायचा, की बोलून दाखवायचं?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा समोरचा राक्षस अंगावर येणार की बोलायला तयार होणार एवढंच दोन फाशांवर ठरायचं. पुढचं बोलणं तुमचं तुम्ही बघा. मग २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि थापा मारणं, दम देणं, गोडीगुलाबीनं घेणं या सगळ्याला वेगवेगळी कौशल्यं आणि त्यांचे आकडे मिळाले. २००३ च्या सुधारित आवृत्तीत तर तक्ताच होता: शत्रूला मित्र करायचं तर ३५, जिवाला जीव देणारा करायचा तर ५०. समोर कोण आहे आणि तुम्ही त्याच्याकडे काय मागताय याचा त्या आकड्याशी संबंधच नाही! वेळ एक मिनिट. घाई असेल तर दहा वजा करा, सहा सेकंदांत उरका. लोकांनी मग फक्त हे एक कौशल्य फुगवलेली पात्रं बनवली, आणि ती ड्रॅगनलाही खिशात घालायला लागली.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरात गेला. त्याच्याहून चांगला बोलणारा कुठून आणणार? मागणी पाच गावांपर्यंत खाली आली, तरी दुर्योधन सुईच्या टोकाएवढी जमीन द्यायला तयार नाही. त्या तक्त्याप्रमाणे कृष्णानं ५० गाठले असते की महाभारत तिथेच संपलं असतं. (फासे म्हटल्यावर तुम्हाला शकुनी आठवला असेल, पण तो वेगळा खेळ.)

'ऑर्डर ऑफ द स्टिक' या वेबकॉमिकवाल्या रिच बर्ल्यूनं यावर स्वतःचा पर्यायी नियम लिहिला होता. समोरच्याशी तुमचं नातं काय, आणि सौद्यात त्याचा फायदा किती नि धोका किती, यावर आकडा बदलायचा. मला तो फार आवडतो. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही अशीच अक्कल दिसते. शत्रुत्व असलेल्या माणसाकडून २० ला काम होतं, पण त्याला स्वतःला काही धोका किंवा झळ नसेल तरच.

इथपर्यंत नियमांचं झालं. मला खरं म्हणजे वेगळंच सांगायचंय.

आमच्या ग्रुपमध्ये एक तमिळ, एक बंगाली, एक मल्याळी आणि आम्ही दोघं मराठी, त्यामुळे टेबलाची भाषा इंग्लिश. आमच्यातला दुसरा मराठी लातूरकडचा, बारावीपर्यंत मराठी मीडियम. कामात वाघ, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. त्यानं मुद्दाम बार्ड घेतला होता, म्हणजे गाऊन-बोलून जग जिंकणारा. पटवण्याचं कौशल्य +७. दरवानाला पटवायला १५ हवे होते, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त, ६५ टक्के. पण तेव्हाचा डीएम म्हणाला, "आधी बोलून दाखव." हा अडखळला, दोन वाक्यं कशीबशी बोलला. डीएमनं आकडा २० केला. झाले ४० टक्के. फासा पडला ९ वर. एकूण १६, म्हणजे मूळ आकड्याला पास. मग कॉन्व्हेंटवाल्या मित्राच्या योद्ध्यानं, ज्याचा मोडिफायर -१ आहे, फर्डं भाषण ठोकलं, आणि डीएमनं फासा न टाकताच दार उघडलं! सगळे हसले. हाही हसला. पुढच्या आठवड्यात विचारतो, "माझं पात्र बदलून धनुर्धारी करू का?"

अरे, योद्ध्याला कोणी टेबल उचलून दाखव म्हणतं का? दिवसभर ज्या गोष्टीसाठी मार्क कापले जातात, तीच शनिवारी रात्री मौज म्हणून पुन्हा कशाला?

आता डीएम मी आहे आणि माझ्या टेबलावर मी तीनच गोष्टी विचारतो. तुला काय हवंय, त्यानं ते का द्यावं, आणि खोटं बोलणार, दम देणार की विनवणार? कुठल्याही भाषेत सांगा, 'माझं पात्र त्याला असं असं म्हणतं' असं सांगितलं तरी चालेल. आकडा ठरतो मुद्द्यावर, उच्चारांवर नाही. यावर आक्षेप येतो की मग अभिनयाची मजा गेली. मुळीच नाही, ज्याला करायचाय त्यानं करावा, टाळ्या मिळतात की. लढाईत कुठे उभं राहायचं हे खेळाडूच्या डोक्यानं ठरतं, तसंच इथे. पण राजाला सिंहासन सोडायला सांगणार असाल तर फासा हातातच ठेवा.

गेल्या महिन्यात त्या बार्डनं (बदलू दिला नाही मी!) मराठीत सांगितलं, "दरवानाची पाळी कधीच संपलीय, बदली आलेला नाही. आत सोड, बदलीवाल्याला आम्ही उठवून पाठवतो." मुद्दा इतका चोख की मी आकडा १० वर आणला. पडले २. एकूण ९. :) दरवानानं आत सोडलं नाही, पण बदलीवाला कुठे झोपतो ते सांगितलं, आणि पुढचा दीड तास त्या झोपाळू बदलीवाल्यावर गेला.

आणखी एक. एकाचं फसलं की बाकीचे ओळीनं फासे उचलतात, तो प्रकार मी बंद केलाय. ३० टक्के शक्यता पाच जणांना एकेकदा दिली की कोणीतरी पास व्हायची शक्यता ८३ टक्के होते. हा चक्क रिट्राय लूप झाला. 'बर्निंग व्हील' या खेळात सरळ नियमच आहे, परिस्थिती बदलेपर्यंत पहिला निकाल कायम.

खेळाडूनं दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला फासा टाकून पटवायचं, हे मात्र माझ्याकडे चालत नाही. आमच्या चोरानं एकदा २३ काढले आणि मांत्रिकेला म्हणाला, आता तुझा वाटा मला दे. ती म्हणाली, माझं पात्र आहे, मी ठरवणार. बरोबरच आहे तिचं. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) मध्ये यावर छान तोडगा आहे. ऐकलं तर अनुभवाचा गुण मिळतो, नाकारलं तर नकार निभावणं जड जातं, पण निर्णय ज्याच्या पात्राचा त्याचाच. मी तो उचलायचा म्हणतोय. चोराला अजून पटलेलं नाही. २३ म्हणजे २३, असं त्याचं म्हणणं, आणि आज रात्री नऊला तो हाच मुद्दा घेऊन येणार आहे.