सलग जागा

मोजमापाच्या कार्डासाठी लिहिलेला ड्रायव्हर माझ्या टेबलावर महिनाभर बिनतक्रार चालला. कारखान्यात लागला आणि तीन आठवड्यांनी फोन आला: मोजमापाचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, तर कार्ड उघडतच नाही. लॉगमध्ये लिनक्सची तक्रार होती: पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर 8. मेमरी म्हणावी तर शेकड्यांनी एमबी मोकळी.

दर वेळी कार्ड उघडताना मी कर्नलच्या केमॅलॉककडे 600 केबी मागत होतो. एवढी मोठी मागणी दोनाच्या पुढच्या घातापर्यंत वर ढकलली जाते, म्हणजे 1 एमबी. 4 केबीची 256 पानं, म्हणजेच ऑर्डर 8, तीही शेजारी-शेजारी. पंगतीत पानं भरपूर रिकामी असतात, पण कुठे एक, कुठे दोन. वऱ्हाड ओळीनं बसवायचं म्हटलं की यजमानाला घाम फुटतो. बडीइन्फो उघडून पाहिलं. डावीकडे, सुट्या पानांच्या रकान्यात हजारांचे आकडे. उजवीकडे, मोठ्या सलग तुकड्यांच्या रकान्यांत, नुसती शून्यं. माझं टेबलावरचं यंत्र रोज सकाळी सुरू व्हायचं, तिथली पंगत कायम नुकतीच मांडलेली!

व्हीमॅलॉक विखुरलेली पानं गोळा करून सलग पत्ते देतं, पण ते सलगपण सीपीयूपुरतं. आमचं कार्ड थेट रॅममध्ये लिहायचं, मध्ये आयओएमएमयू नाही, आणि तुकड्यांची यादी घेण्याची अक्कल कार्डाला नव्हती. शेवटी बफर प्रोबमध्येच, यंत्र सुरू होतानाच, डीएमए अ‍ॅलॉक कोहेरंटनं घेतला आणि ड्रायव्हर असेपर्यंत सोडलाच नाही. अडवून ठेवणं म्हणा हवं तर. मला त्याची लाज वाटत नाही.

मेमरी मागताना लावायच्या जीएफपी अ‍ॅटॉमिकबद्दल मात्र मी चिडतो. इंटरप्टमध्ये झोपायला परवानगी नाही, तिथे ते लागतंच. पण एकदा ‘स्लीपिंग फंक्शन’चा इशारा बघून घाबरलेली पोरं ते सगळीकडे लावत सुटतात, अगदी निवांत प्रोबमध्येसुद्धा. अ‍ॅटॉमिक म्हणजे आईनं डाळीच्या डब्यात लपवलेले पैसे. भाजीला तेच काढलेत, तर रात्री दवाखान्यात जायची वेळ आली की डबा रिकामा. शिवाय अ‍ॅटॉमिक नकार देऊ शकतं. नल तपासायचं राहिलं की यंत्रच आडवं.

हल्ली कुणाचा पॅच आला की मी मागणीचा आकडा नंतर बघतो. आधी विचारतो, ‘ही ओळ चालते तेव्हा तू कुठे उभा असतोस? थांबू शकतोस?’ परवा एकानं बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “सर, इथे स्पिनलॉक घेतलाय.”


मग त्यानंच मागणी लॉकच्या आधीच्या ओळीवर नेली.